विहिरीवरच्या आंब्याची जाळी

मला स्वस्थ बसता येत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. माझे वडील मेहकरच्या शाळेत मास्तर होते. ते म्हणायचे, पायाला असती तर चाललं असतं, हिच्या जिभेलाही आहे. दोघांचंही खरं होतं. तव्यावर भाकर टाकली की ती फुगेपर्यंत मला धीर नसे. पत्र टाकलं की दुसऱ्या दिवसापासून उत्तराची वाट. कोणी वाकडं बोललं तर त्याचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार. अशी मी आयुष्यात एकदाच, नेमकी बोलायची वेळ आली तेव्हा, गप्प राहिले. त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, आणि ती एक गोष्ट अजून मला खाते.

लग्न होऊन मी अमडापूरजवळच्या एका खेड्यात आले, तेव्हा लढाई चालू होती. राकेल कार्डावर मिळे, आणि तेही मिळालं तर. 'हे' नागपूरला प्रांताच्या कचेरीत कारकून. तिथे बिऱ्हाडाला खोली मिळत नव्हती, म्हणून मी गावी सासूसासऱ्यांजवळ. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात आणि सासूबाईंना आत्याबाई. मामाजी माणूस वाईट नव्हता. दारी आलेला कोणी उपाशी जात नसे. पण एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत.

आणि मला त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. सुनेनं सासऱ्याशी सरळ बोलायचं नाही, मधे कोणीतरी पाहिजे, हा त्या घरचा रिवाज. आत्याबाई असल्या तर त्यांना सांगायचं, 'आत्याबाई, मामाजींना म्हणावं, ताट वाढलं.' मामाजी दोन हातांवर बसलेले असत, त्यांना सगळं ऐकू जात असे, तरी आत्याबाईंनी ते पुन्हा सांगायचं. आत्याबाई नसल्या तर ओसरीचा खांब चाले. खांबही नसला तर वासरू. मी माहेरी हे सांगितलं तेव्हा माझ्या धाकट्या बहिणी हसून लोळल्या. मला मात्र पहिल्या महिन्यातच त्या खांबाचा कंटाळा आला होता.

घरामागे बाग होती. बाग म्हणजे सात आंबे, चार पेरू, एक लिंबू आणि विहीर. सहा आंबे मामाजींच्या वडिलांच्या हातचे. सातवा विहिरीच्या काठावरचा, तो आत्याबाईंचा. लग्नात लोणारहून येताना त्यांनी माहेरच्या आंब्याची कोय ओच्यात बांधून आणली होती, ती त्यांनी स्वतः लावली. फळ आंबट, जाड सालीचं. रसाला कुचकामी, पण लोणचं दोन वर्षं करकरीत राहील असं. आत्याबाईंचं माहेर आता नुसतं नावाला होतं. आईबाप गेले, एकुलता भाऊ गेला, भावजय मुलांना घेऊन तिच्या माहेरी गेली. दिवाळीला त्यांना न्यायला कोणी येत नसे. त्या यावर कधी बोलत नसत, कशावरच फार बोलत नसत. धुणं झालं की ओलं लुगडं त्या झाडाच्या खालच्या फांदीवर वाळत घालत आणि क्षणभर तिथेच उभ्या राहत. त्यांच्या त्या गप्प उभं राहण्याचा, खरं सांगते, मला तेव्हा राग येई.

त्या वर्षी दसरा झाला आणि आंब्यांवर जाळी धरली. आधी आत्याबाईंच्या झाडावर. शेंड्याची चार-सहा पानं एकमेकांना चिकटलेली, मधे पांढुरका धागा, आणि बोट लावून पानं उकलली की आत हिरवट काळी अळी. ती चपळाईनं मागे मागे सरके, नाहीतर धाग्याला लोंबकळत खाली उतरे. पानांच्या नुसत्या शिरा उरत. आठ दिवसांत शेंडे भाजल्यासारखे तपकिरी झाले आणि वाळलेल्या पानांचे पुंजके जागोजाग लटकू लागले. मग शेजारच्या झाडावर. मग त्याच्या पुढच्या.

मला उपाय माहीत होता. मेहकरला शाळेच्या बागेत वडील आम्हा मुलींकडून लिंबावरच्या अळ्या वेचून घेत आणि मिठाच्या पाण्यात टाकत. आंब्याला वर हात पुरणार नाही, तर बांबूला आकडी बांधून जाळीसकट शेंडे ओढून खाली पाडायचे आणि जमिनीवर जाळायचे. चार दिवसांचं काम. हे मी आत्याबाईंना सांगितलं, आत्याबाईंनी मामाजींना सांगितलं, आणि मामाजी खांबाकडे पाहत म्हणाले, "मास्तराची पोरगी हाय, शाळा शिकवून राह्यली आपल्याले."

त्यांचं निदान वेगळं होतं. "बिमारी त्या विहिरीवरच्या झाडाची हाय," ते म्हणाले. "तठून सुरू झाली. बाहेरचं बी, बाहेरची बिमारी. थे झाड पाडून टाकलं की बाकीचे सहा वाचतात."

आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. मी त्या घरात आल्यापासून त्यांनी मामाजींकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

"आखाजीलोक थांबा," त्या म्हणाल्या. "आखाजीच्या घागरीवर ठेवाले त्या झाडाचा आंबा नाई निघाला, तं पाडा. मी काई म्हनत नाई."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरायची, वर आंबा ठेवायचा, आणि त्याच्या आधी घरात कोणी आंबा तोंडात घालायचा नाही. मामाजींनी मान हलवली. झाडाला आखाजीपर्यंत मुदत मिळाली.

पण रोगाचं काहीतरी करायला हवंच होतं. मामाजी सालदाराला घेऊन बैलगाडीनं लोणारच्या पलीकडे एका म्हाताऱ्याकडे गेले आणि मंतरलेले खडे घेऊन आले. खडे बागेच्या चारी कोपऱ्यांना टाकायचे. मग पाच दिवस घरच्या माणसानं बागेत पाऊल ठेवायचं नाही. सहाव्या दिवशी बाग साफ.

ते पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. म्हणजे काढलेच नाहीत, दोनच काढले. पाणी बागेतल्या विहिरीऐवजी गावविहिरीवरून आणायचं होतं. एक खेप झाली की मी धाब्यावर चढे, मातीच्या त्या सपाट छपरावरून बाग पूर्ण दिसे. दुसरी खेप झाली की पुन्हा वर. काल हिरवा असलेला शेंडा आज तपकिरी. तो दिसला की मी खाली येई, दळायला बसे, जातं अर्ध्यावर सोडून पुन्हा वर जाई. आत्याबाई म्हणाल्या, "काऊन वरखाली करून राह्यली वं? पाहून अळी मरते काय?" त्या स्वतः एकदाही वर आल्या नाहीत. माझ्या मनात आलं, या बाईला आतून काही होतच नाही. झाड यांचं, आणि तडफड माझी!

तिसऱ्या दिवशी भरदुपारी मामाजी जेवून झोपले, आत्याबाई कोणाकडे तरी बारशाच्या तयारीला गेल्या. मी उठले. आकडीनं शेंडे पाडले तर खाली कचरा पडणार, सहाव्या दिवशी मामाजी तो पाहणार, कोणीतरी आत आलं होतं हे कळणार. मग मला अक्कल सुचली. जाळी झाडावरच जाळायची. जळून गेलं की मागे काय राहतं? बांबूच्या टोकाला चिंध्या गुंडाळल्या, कंदिलातलं सगळं राकेल त्यावर ओतलं, चुलीतला निखारा घेतला आणि बागेत गेले. पलिता पेटवला. पहिला पुंजका भुर्रकन गेला, दुसराही. अळ्या तडतडल्या. मला इतका आनंद झाला की मी हसले.

तिसऱ्या पुंजक्याला पलिता लावला आणि आगीनं माझं ऐकणं सोडलं. वाळलेली पानं, वर धागे, एका पुंजक्यातून दुसऱ्यात. माझ्या मनगटाएवढी फांदी, मग मांडीएवढी. विहिरीच्या बाजूचा अर्धा डोलारा बघता बघता करपला. पाणी मारायला दोर-बादली घरात. मी धावत आत गेले, बादली घेऊन आले, तोवर आग आपोआप विझली होती, कारण तिथे जळायला काही उरलं नव्हतं. दुसरी बाजू हिरवीच्या हिरवी. पलिता मी विहिरीत टाकला. घरात येऊन हात धुतले, तरी हातांना राकेलचा वास. तो जावा म्हणून शेणानं सारवायला बसले आणि आधीच सारवलेली ओसरी पुन्हा सारवली.

संध्याकाळी कंदील लावायची वेळ झाली. आत्याबाईंनी तो हलवून पाहिला, झाकण काढून पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मग तेलाची पणती लावली.

पाचवा दिवस सरला. सहाव्या दिवशी सकाळी मामाजी बागेत गेले आणि तिथूनच ओरडले. मला वाटलं, संपलं. पण ते ओरडणं रागाचं नव्हतं. "पाहा! या बे सगळे, पाहा!" सालदार धावला, शेजारपाजारचे धावले. मामाजींचे डोळे चकाकत होते. "सात झाडं होती. पन खड्यानं एकच झाड धरलं. बिमारी जठी हाय तठीच आग लागली! म्या काय म्हटलं होतं?"

अर्धं गाव बघून गेलं. करपलेल्या फांदीला हात लावून लोक तो हात कपाळाला लावत होते. मी धाब्यावरून ते बघत होते आणि मला हसू येत होतं; खोटं कशाला सांगू, यायचंच. मी सुटले होते. शिवाय मंत्राचं श्रेय म्हाताऱ्याला, मला काय त्याचं? हसू टिकलं ते मामाजी जेवायला बसेपर्यंत.

"आखाजीची गोठ आता राह्यली नाई," ते आत्याबाईंना म्हणाले. "दोष कोनत्या झाडात हाय थे खड्यानं दाखवून देलं. उद्या सकाळी कुऱ्हाडवाले येतात."

मी अक्षरशः जागच्या जागी फिरले. माझ्या आगीनं त्या झाडावर दोष ठरवला होता. मी तोंड उघडलं नाही तर झाड जाणार. उघडलं तर? खड्यांचा नेम मोडला, बागेत पाऊल ठेवलं, कार्डावरचं राकेल जाळलं, मामाजींना गावासमोर तोंडघशी पाडलं. एवढ्यासाठी त्या काळी सुनेला माहेरी पोचवून येत आणि पुन्हा न्यायला येत नसत. माझ्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या. वडील मास्तर. दिवसभर मी सांगू-नको-सांगू करत फिरले. दोनदा ओसरीच्या खांबाजवळ जाऊन उभी राहिले. मामाजी पान जुळवत होते. एकदा म्हणालेही, "खांबा, मामाजींना म्हणावं..." मामाजींनी मान वर केली. मी म्हणाले, "...चुना पाहिजे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे कुऱ्हाडवाले आले. मामाजी, सालदार, चारसहा गावकरी विहिरीजवळ. आत्याबाई आणि मी मागच्या दारात. मी मनाशी पक्कं केलं होतं, पहिला घाव पडायच्या आत बोलायचं. कुऱ्हाडवाल्यानं हातावर थुंकून दांडा धरला. मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि पुन्हा मागे घेतलं. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. मला तो क्षणभर ओळखूच आला नाही.

"थांबा. आग खड्यानं नाई लागली. म्या लावली."

आत्याबाई पदर सावरून पुढे गेल्या. हातात रिकामा कंदील. तो त्यांनी मामाजींच्या पायाजवळ ठेवला. "अळी जाळाले गेली होती तिसऱ्या दिवशी. राकेल पाहून घ्या, थेंब नाई. पलिता विहिरीत हाय, गळ टाकून काढा."

पलिता विहिरीत आहे हे त्यांना कसं कळलं, मला अजून माहीत नाही. सालदारानं गळ टाकला आणि तो वर आला, चिंध्यांसकट. कोणीतरी खाकरलं. कोणीतरी हसू दाबलं. मामाजींचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी शिवी दिली नाही, हात उचलला नाही. "जा बे घरी," एवढंच कुऱ्हाडवाल्यांना म्हणाले आणि घरात गेले.

आणि मी? मी दारात उभी होते. 'मी लावली' एवढे दोन शब्द, तेही माझ्यासारखीला! मी ते बोलले नाही. त्याची लाज तेव्हाही वाटली आणि सुटल्याचा आनंदही वाटला, दोन्ही एकदम, आणि त्या आनंदाची लाज मला जास्त वाटते.

मामाजींनी त्या दिवसापासून आत्याबाईंच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्यांचं ताट मी वाढायचं, पाणी मी ठेवायचं, पान मी लावायचं. आत्याबाई चुलीशी बसून भाकरी थापत. पण भाकर ताटात पडायची ती माझ्या हातून. पाहुण्यांजवळ मामाजी म्हणत, "सून तेवढी गुनाची भेटली." मी आत असे. माझ्या हातातलं भांडं तेव्हा हमखास पडे.

झाडाची मुदत मात्र पुन्हा आखाजीपर्यंत झाली. मामाजी बोलले नाहीत, पण कुऱ्हाडवाल्यांनाही पुन्हा बोलावलं नाही. एक दिवस आत्याबाईंनी बांबूला आकडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "चाल," म्हणाल्या. कार्तिक-मार्गशीर्ष आम्ही दोघी रोज दुपारी बागेत होतो. मी आकडीनं शेंडे ओढायची, त्या खाली गोळा करून खड्ड्यात जाळायच्या. मी घाई करून हिरवी फांदी मोडली की त्या नुसतं "हं" म्हणायच्या. मग झाडाखालची माती खणली. त्यात अळ्यांचे कोष होते, साळुंक्या आमच्या पायांत येऊन ते वेचायच्या. दोन महिने आम्ही त्या झाडाखाली होतो, आणि पलित्याबद्दल त्या एकदाही बोलल्या नाहीत. मी रोज ठरवायची, आज विचारीन. रोज आकडी उचलायची आणि वर बघायची.

पौष गेला. सहा झाडांना मोहोर आला. विहिरीवरच्याला नाही. मी दिवसातून दहादा जाऊन बघे. शिमग्याच्या सुमारास हिरव्या बाजूला, अगदी वर, चार तुरे दिसले. मी धावत घरात आले, आणि मामाजी समोर आहेत हे विसरून, खांब नाही, वासरू नाही, सरळ त्यांनाच म्हणाले, "मोहोर आला!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "बरं झालं," ते भिंतीला म्हणाले.

चार तुऱ्यांतले दोन वाऱ्यानं झडले. उरलेल्यांवर अकरा कैऱ्या धरल्या, आखाजीपर्यंत पाच राहिल्या. त्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी त्यातली एक काढली, धुतली, घागरीवर ठेवली. पितर मामाजींचे, पण घागर भरायची ती घरच्या बाईनं, सुनेनं नाही, सासू जिवंत असताना तर नाहीच. मामाजी पाटावर बसले होते. सहा महिने त्या हातचं पाणी नाही, आणि आता बापाला त्याच हातचं पाणी द्यायचं होतं. त्यांनी कैरीकडे पाहिलं.

"विहिरीवरचीच न?" त्यांनी विचारलं.

"हाव," आत्याबाई म्हणाल्या.

मामाजींनी घागरीला हात लावून नमस्कार केला. मग फुलपात्र उचलून आत्याबाईंच्या पुढे धरलं. "पानी दे," म्हणाले.

मी उठून मागच्या दारी गेले आणि रडले. दुपारी आत्याबाई त्या झाडाखाली लुगडं वाळत घालत होत्या. मी गेले आणि सहा महिने साठवलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. तुम्हाला ठाऊक होतं ना? मग का सांगितलंत खोटं? मी आजच मामाजींना सांगते, मधे कोणी नको, सरळ सांगते. त्यांनी लुगड्याची सुरकुती झटकली.

"तू सांगितलं असतं तं तुले मायेरी धाडलं असतं," त्या म्हणाल्या. "मले कुठी धाडतीन? माह्या मायेरात तं मी रोज धुनं वाळू घालते. आता गप राह्य. तुले आयुष्यात एखांदी गोठ गप राह्यता येते का नाई, मले पाहू दे."

मी गप्प राहिले. मामाजी आणखी बारा वर्षं जगले, आत्याबाई त्यांच्यानंतर सात. शेवटपर्यंत मामाजी पाहुण्यांना ती गोष्ट सांगत, आता हसून, की आमच्या घरच्या बाईनं कशी खड्याच्या नेमात आग लावली. आत्याबाई हसत. आणि मी चहा घेऊन यायची, ठेवायची, आणि आत जायची. विहिरीवरचा आंबा अर्ध्या अंगानं अजून उभा आहे. दसरा झाला की मी आकडी घेऊन जाते. मान वर करून आता चक्कर येते, तरी दुसऱ्या कोणाला देत नाही.

आत्याबाई, मला गप्प राहायला तुम्ही सांगितलं होतंत. जमलं तेवढं राहिले. आग मी लावली होती.